जठराचा कर्करोग आणि विषाणुसंसर्ग : अम्लपित्ताच्या चिकित्सेतील एक विचारणीय बाजू

अम्लपित्त, आध्मान, अन्नद्वेष, छातीतील दाह या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण हातकणंगले परिसरातील प्रत्येक चिकित्सकाच्या नित्य परिचयाचा आहे. सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण आणि पथ्यापथ्य यांनी अशा बहुसंख्य रुग्णांस उपशय मिळतो. परंतु काही थोड्यांच्या बाबतीत हाच उपशय काळ दवडण्यास कारणीभूत होतो, कारण त्या तक्रारींच्या आड जठराचा कर्करोग वाढत असतो. या रोगाच्या काही प्रकारांशी विषाणूचा संबंध आता सिद्ध झाला असल्याने त्याविषयी नेमकी माहिती वैद्यबंधू व औषधविक्रेते या दोघांसही असणे आम्हास अगत्याचे वाटते.

जठराच्या कर्करोगाचे सर्वात मोठे ज्ञात संसर्गजन्य कारण विषाणू नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांना त्याच्या शोधाबद्दल २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी १९९४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात घातले होते. विषाणूची कथा निराळी आहे. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने लहान मुलांच्या जबड्यातील अर्बुदांचे वर्णन १९५८ मध्ये केले. १९६१ साली लंडनमध्ये त्याचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टीन यांनी त्या अर्बुदांच्या पेशींत विषाणू शोधण्याचा ध्यास घेतला आणि १९६४ मध्ये यव्हॉन बार व बर्ट अचाँग यांच्यासह तो सापडल्याचे जाहीर केले. हाच एपस्टीन-बार विषाणू. जठराच्या कर्करोगात त्याचे अस्तित्व १९९० नंतर दिसू लागले.

आज जगभरातील जठरकर्करोगांपैकी सुमारे ९ ते १० टक्के अर्बुदांत हा विषाणू आढळतो. २०१४ साली अमेरिकेतील जनुकीय प्रकल्पाने २९५ अर्बुदांचा अभ्यास करून जठरकर्करोगाचे चार प्रकार ठरविले. त्यांतील एक प्रकार याच विषाणूचा आहे. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असते. हा प्रकार जठराच्या खालच्या मुखापेक्षा वरच्या व मधल्या भागात अधिक आढळतो.

येथे एक शंका उद्भवते. प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर वास करतो. तो लाळेतून पसरतो, आपल्याकडे बहुधा बालपणीच शिरतो आणि बहुतेकांस त्याचा पत्ताही लागत नाही. मग अर्बुदात तो योगायोगानेच सापडला नसेल कशावरून? याचे उत्तर विषाणूच्या रचनेत मिळते. पेशीत शिरल्यावर त्याचे जनुकसूत्र वर्तुळाकार होते व त्या वर्तुळाच्या सांध्याची लांबी प्रत्येक नव्या संसर्गात वेगळी असते. अर्बुदाच्या सर्व पेशींत मात्र ती एकसारखी आढळते. म्हणजे एका पेशीत विषाणू आधी शिरला आणि त्याच पेशीची संतती पुढे अर्बुद झाली. शेजारच्या निरोगी आवरणात तो सहसा नसतो. शिवाय अशा अर्बुदांत पेशींच्या अनियंत्रित वाढीस आवर घालणारी अनेक जनुके रासायनिक रीतीने कुलूपबंद झालेली दिसतात. मात्र विषाणू एकटा पुरेसा नाही. तसे असते तर नव्वद टक्के जग या रोगाने ग्रस्त झाले असते.

आपल्याकडील चित्रही हेच सांगते. भारतात जठरकर्करोगाचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक, दक्षिणेत मध्यम, तर महाराष्ट्रात कमी आहे. बार्शी येथे १९८७ पासून चालणाऱ्या, देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीतही हा रोग मागेच राहिला आहे. हेलिकोबॅक्टर व एपस्टीन-बार हे दोन्ही मात्र सर्वत्र मुबलक आहेत. बीज सर्वत्र सारखे पडत असताना पीक वेगवेगळे येत असेल तर क्षेत्राचा विचार करावा लागतो, आणि हा विचार आयुर्वेदास नवा नाही. मिझोराममध्ये तंबाखूच्या धुराचे पाणी तोंडात धरण्याची आणि धुरावलेले मांस खाण्याची चाल आहे. आपल्याकडे निपाणीची तंबाखू हाताशी आहे, मिश्रीही घरोघरी आहे. तेव्हा प्रमाण कमी म्हणून निर्धास्त राहता येणार नाही.

सुश्रुताचार्यांनी सहभोजन, स्पर्श, निःश्वास यांद्वारे संक्रमित होणाऱ्या औपसर्गिक रोगांचे वर्णन केले आहे, तर चरकाचार्यांनी आगंतू व्याधी पुढे दोषांशी अनुबद्ध होतो असे सांगितले आहे. ही चौकट वरील माहिती समजून घेण्यास उपयोगी पडते. तथापि, प्राचीन ग्रंथांत विषाणूचे नाव शोधण्याचा अट्टहास आम्हास मान्य नाही. त्याने ग्रंथांचे गौरव वाढत नाही आणि रुग्णाचे हितही साधत नाही.

चिकित्सालयात याचा उपयोग काय? रक्तातील एपस्टीन-बार प्रतिपिंडांची तपासणी करून जठरकर्करोगाचे निदान होत नाही; ती जवळजवळ प्रत्येकात सकारात्मकच येते, तेव्हा तिचा खर्च रुग्णावर लादू नये. उपयोगी पडते ती दुर्बिणीची तपासणी. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले अम्लपित्त, घटणारे वजन, गिळण्यास त्रास, वारंवार उलटी, थोड्या घासांतच पोट भरणे, पांडुता, काळा मल, डाव्या अक्षकास्थीच्या वर हाताला लागणारी गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास औषध बदलून पाहण्यात महिने घालवू नयेत. मांसाविषयी नव्याने उत्पन्न झालेली घृणा हेही जुन्या शल्यग्रंथांतील लक्षण आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला आपल्याकडील मनुष्य मटणाच्या वासाने तोंड फिरवू लागला, तर त्या अरुचीकडे दुर्लक्ष करू नये. पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, हेही आवर्जून पाहावे. जठरव्रणासाठी पूर्वी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांत उरलेल्या भागात वीस-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो आणि अशा अर्बुदांत या विषाणूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते.

काळ्या मलाविषयी एक सूचना. मंडूर वा लोहभस्म चालू असलेल्या रुग्णाचा मल त्यामुळेच काळा होतो आणि खरा रक्तस्राव त्याखाली झाकला जातो. पांडुरोगावर लोहकल्प देण्यापूर्वी रक्त कोठे जात आहे हे पाहणे, विशेषतः पुरुषांत व रजोनिवृत्त स्त्रियांत, क्रमप्राप्त आहे.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी येथे वैद्यांइतकीच आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चिठ्ठीविना नेणारे गिऱ्हाईक दुकानदारास पक्के ठाऊक असते. वैद्याकडे ते कदाचित येतही नाही. या गोळ्यांनी प्रारंभिक कर्करोगाचा व्रणदेखील तात्पुरता भरून आल्यासारखा दिसू शकतो. श्वासाद्वारे वा मलातून हेलिकोबॅक्टरची तपासणी करावयाची असेल, तर त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, अन्यथा अहवाल खोटा नकारात्मक येतो. एपस्टीन-बार विषाणूवर आजही मान्यताप्राप्त लस नाही, त्यास शरीरातून निपटून काढणारे औषधही नाही. तेव्हा गुळवेल, हरिद्रा वा अन्य कोणताही कल्प ‘विषाणुनाशक, कर्करोगप्रतिबंधक’ म्हणून फळ्यावर लिहिणे असत्य तर आहेच, शिवाय कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने निषिद्ध आहे.

हातकणंगले स्थानकावरून एका दिशेस कोल्हापूर, दुसऱ्या दिशेस मिरज. दोन्हीकडे दुर्बीण तपासणीची सोय आहे. कर्करोगाचे निदान झाल्यास ऊतक-परीक्षणाच्या तुकड्यावर ‘ईबर’ ही तपासणी करता येईल का, असे रुग्णाने तज्ज्ञास जरूर विचारावे. विषाणू तिनेच अर्बुदात दिसतो. या प्रकारात रोगाची वाटचाल तुलनेने सौम्य असते. कोरियातील २०१८ च्या एका अभ्यासात प्रगत अवस्थेतील अशा सहाही रुग्णांत प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधाने अर्बुद लहान झाले. संख्या अल्प आहे, आणि पुढील अनुभव तितका एकमुखी नाही, तरीही उपचारांची निवड करताना ही माहिती मोलाची ठरते. रुग्णास पाठविताना आपण देत असलेल्या सर्व कल्पांची, विशेषतः भस्मे व रसौषधींची, यादी मात्रेसह चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि केमोथेरपी चालू असताना त्यांतील काय चालू ठेवावे, हे तेथील तज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे.