ऊर्णनाभी गुरू आणि दवाचे थेंब

श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंपैकी एक म्हणजे कोळी, ऊर्णनाभी. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतात : कोळी स्वतःतून तंतू काढतो, त्यात खेळतो आणि शेवटी गिळून टाकतो, परमेश्वरही विश्व असेच निर्मितो नि आवरतो. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात हे ओवीबद्ध आहे.

निवृत्तीनंतर मला मोबाईलला मॅक्रो भिंग लावून फोटो काढायचा नाद लागला. मार्गशीर्षात कासारवाडीला पवनाकाठच्या झुडपांवर पहाटे दव असते. सूर्य समोर, मागे गडद झाडी ठेवली की जाळे उजळते. फोटो मोठा करून पाहा, प्रत्येक थेंबात मागचे झाड उलटे दिसते. थेंबच भिंग होतो! ऊन चढले की सारे संपले.

गिळण्याची गोष्ट नुसता दृष्टांत नाही बरं का. चक्राकार जाळे विणणारे बरेच कोळी जुने जाळे खाऊन त्याच द्रव्यातून नवे विणतात. आम्ही बँकवाले म्हणू, जमा-खर्च जुळला! आपण मात्र घर, खाती, किल्ल्या धरून बसतो. विणणे आपल्याला जमले. आवरणे या गुरूकडून शिकायचे.

दत्तजयंतीची झाडलोट करताना झुडपावरचे एखादे जाळे राहू द्या. सकाळी नातवंडांना दाखवा.