प्रकाशाला आवाज कसा कळतो?

प्रश्न : आईची थायरॉइडची सोनोग्राफी करताना डॉक्टर म्हणाले, शरीरातून परतणारा आवाज टिपायला आता लेझरही वापरता येतो. प्रकाशाला आवाज कसा कळणार? आणि त्याने फायदा काय?

उत्तर : पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर तेलाचा रंगीत तवंग तुम्ही पाहिला असेल. ते रंग तेलाचे नसतात. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि तवंगाच्या जाडीप्रमाणे काही रंग उजळतात, काही मावळतात. जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी बदलली, तरी रंग पालटतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर या तवंगातच आहे. प्लॅस्टिकचा अगदी पातळ पापुद्रा घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा लेप दिला, की आत शिरलेला लेझर किरण दोन आरशांमध्ये पुन्हापुन्हा येरझाऱ्या घालतो. शरीरातून आलेली ध्वनिलहर पापुद्र्यावर आदळली, की तो किंचित दबतो, कधी अणूच्या जाडीहूनही कमी. तेवढ्यानेही परतणाऱ्या किरणाची तीव्रता बदलते. हा बदल मोजला, की आवाज कळला! या रचनेला फाब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांचे नाव आहे.

आता फायदा. सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या नेहमीच्या प्रोबमध्ये दाबल्यावर वीज निर्माण करणारे स्फटिक असतात. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला. मात्र स्फटिक लहान केला, की त्याचा विद्युत संदेश क्षीण होतो. बारीक तपशील टिपायला तर टिपणारे साधन लहान हवे आणि ध्वनिलहरही आखूड हवी. सेकंदाला 50 लाख कंपनांच्या ध्वनीची लहर शरीरात सुमारे 0.3 मिलिमीटर लांब असते. 5 कोटी कंपनांची 0.03 मिलिमीटर. प्रकाशाने टिपणारे साधन खूप लहान केले, तरी त्याची संवेदनशीलता तशी घटत नाही. म्युनिकच्या संशोधकांनी 2020 मध्ये सिलिकॉनचा असा संवेदक दाखवला, ज्याची मापे 220 आणि 500 नॅनोमीटर होती. तांबडी रक्तपेशी सुमारे 7,000 नॅनोमीटर रुंद असते!

दुसरा फायदा पापुद्र्याच्या पारदर्शकतेचा. त्याचा लेप आवाज टिपणाऱ्या लेझरच्या रंगापुरताच आरसा असतो, म्हणून त्याच्यातून दुसऱ्या रंगाच्या लेझरचा क्षणिक झोत त्वचेत सोडता येतो. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, किंचित तापते, प्रसरण पावते आणि त्यातून आवाज निघतो. प्रकाशाने पदार्थातून आवाज उमटतो, हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी नोंदवले तेही 1880 मध्येच. या मार्गाने रक्तवाहिन्यांचे जाळे क्ष-किरणांशिवाय आणि रंगद्रव्य टोचल्याशिवाय दिसते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या चमूने 2024 मध्ये असे चित्र काही सेकंदांत घेऊन दाखवले. त्यांनी तपासलेल्यांत मधुमेहाचे रुग्णही होते.

मर्यादाही लक्षात घ्या. ध्वनीची कंपने जितकी जास्त, तितका तो शरीरात लवकर विरतो, आणि प्रकाशही ऊतींत विखुरतो. म्हणून ही सुबक चित्रे त्वचेखाली सेंटिमीटरभराच्या आसपासचीच मिळतात. पोटातले बाळ किंवा मूत्रपिंड पाहायला नेहमीची सोनोग्राफीच लागेल, आणि आईच्या थायरॉइडसाठीही आज तीच योग्य आहे. मात्र मधुमेहात पायाच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखम होईपर्यंत पुष्कळदा त्याचा पत्ता लागत नाही. हा बिघाड वेळीच दिसला, तर कितीतरी पाय वाचतील. या पापुद्र्याकडून माझी मोठी आशा आहे ती हीच.