पुस्तिका-बांधणीच्या यंत्राची निवड

बेळगाव-निपाणी सीमाभागात छापील पुस्तिकेचे महत्त्व आजही टिकून आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९४६ व २००० साली बेळगाव नगरीत भरले. उचगाव, कडोली, येळ्ळूर या गावांनीही आपापल्या संमेलनांची परंपरा जोपासली. संमेलनाची स्मरणिका, शाळेचा वार्षिक अंक, यात्रेची कार्यक्रमपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल ही कामे बहुधा थोड्या प्रतींची, परंतु ठरल्या दिवशीच हवी असणारी. डिजिटल छपाईमुळे अशा थोड्या प्रती गावातल्या गावात छापता येऊ लागल्या. मात्र छापलेले कागद म्हणजे पुस्तिका नव्हे. घडी, टाचणी व कापणी वेळेत झाली नाही, तर पुढील काम कोल्हापूरकडे जाते. आणि घाईने नको ते यंत्र घेतले, तर कर्जाचे हप्ते दुकानाला जड जातात. म्हणून यंत्र पाहण्यापूर्वी कामाचे मोजमाप घेणे अगत्याचे आहे.

कामाचे मोजमाप

ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ आकाराची चार पृष्ठे मिळतात. त्यामुळे मध्यभागी टाचलेल्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या चारने भागली जावी लागते. ४८ पृष्ठांच्या स्मरणिकेस आतील १२ कागद व एक मुखपृष्ठ असे १३ कागद लागतात. ५०० प्रतींसाठी ते ६,५०० होतात. कागद लावणे, दुमडणे व टाचणे यांस प्रतीमागे एक मिनिट धरले, तरी एका माणसाचे आठ तास वीस मिनिटे खर्ची पडतात. असे काम महिन्यातून एकदा येत असेल, तर दोन माणसे ते अर्ध्या दिवसात हातानेच उरकू शकतात. आठवड्यातून तीन-चार वेळा येत असेल, तर मात्र यंत्राचा विचार योग्य ठरतो.

खरेदीचा क्रम

डिजिटल छपाईत टोनरचा थर कागदाच्या पृष्ठभागावर बसतो. जाड मुखपृष्ठ तसेच दुमडल्यास घडीवर तो तडकतो व पांढरी रेघ दिसू लागते. यास्तव क्रीझिंग यंत्र, म्हणजे घडीच्या जागी आधी खाच पाडणारे यंत्र, प्रथम घ्यावे. कागदाचे तंतू घडीला समांतर असल्यास घडी अधिक सुबक बसते.

दुसरे स्थान कटिंग यंत्राचे. सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे २० कागद एकात एक दुमडले, तर सर्वांत आतील कागद सुमारे २ मिलिमीटर पुढे येतो. पुढील कड कापल्याखेरीज पुस्तिका नीट दिसत नाही. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय पाते खाली येणार नाही, अशीच विजेची कटिंग यंत्रे घ्यावीत.

टाचणीसाठी आरंभी लांब हाताचा स्टेपलर अथवा विजेवरील टाचणीयंत्र पुरेसे होते. काम वाढल्यावर तारेच्या रिळावर चालणारे यंत्र, आणि त्यानंतरच घडी व टाचणी एकत्र करणारे स्वयंचलित यंत्र घ्यावे. अशा लहान यंत्रांना कागदांच्या संख्येची मर्यादा असते. त्याहून जाड पुस्तिकांसाठी गोंदाची बांधणी निराळीच लागते.

हिशेब

समजा, यंत्राची किंमत १,२०,००० रुपये असून ते पाच वर्षे चालणार आहे. वर्षाचा भार २४,००० रुपये झाला. वर्षाला ८,००० पुस्तिका निघाल्या, तर प्रतीमागे ३ रुपये पडतात. २,००० निघाल्या, तर तोच भार १२ रुपये होतो. यात व्याज, वीज, तार व दुरुस्ती धरलेली नाही. यावरून यंत्राची किंमत नव्हे, तर हाती असलेले काम निर्णायक असते हे स्पष्ट होईल. कर्ज घ्यावयाचे झाल्यास हा हिशेब बँकेपुढे मांडावा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’, तर त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ गटात मोडते.

खरेदीपूर्वीची परीक्षा

विक्रेत्याच्या नमुन्यावर विसंबू नये. स्वतःचा कागद व स्वतः छापलेले मुखपृष्ठ नेऊन सलग १०० प्रती काढून पाहाव्यात. टाचण्या नेमक्या घडीवर बसतात काय, मुखपृष्ठ तडकते काय, शेवटची प्रत पहिलीसारखीच आहे काय, हे तपासावे. दुकानातील वीजजोडणी यंत्रास पुरेल काय, सुटे भाग व दुरुस्ती करणारा कारागीर बेळगाव वा कोल्हापूर येथे मिळेल काय, याचीही खातरजमा करावी. संमेलनाच्या आदल्या दिवशी बंद पडलेले यंत्र कितीही वेगवान असले, तरी निरुपयोगीच.

शाळा व संस्थांनीही मजकूर वेळेवर द्यावा आणि पृष्ठसंख्या आधी निश्चित करावी. गावची पुस्तिका गावाजवळच सुबक व वेळेवर तयार होण्यास यंत्राइतकेच हे नियोजनही साहाय्यभूत होईल.