मरिच ते मिरची : परसबागेचा एक पाठ

विनयपिटकातील महावग्गात भैषज्यविषयक एक खंड आहे. आजारी भिक्खूंना औषध म्हणून जी फळे जवळ बाळगण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली, त्यांत हिरडा, बेहडा, आवळा यांच्यासोबत पिप्पली आणि मरिच यांचीही नावे येतात. वर्गात हा संदर्भ निघाला की प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे भिक्खू मिरची खात होते काय? नाही. मरिच म्हणजे काळे मिरे. आपण जिला मिरची म्हणतो ती त्या काळी भारतात नव्हतीच.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. मेक्सिकोत तिची लागवड हजारो वर्षांपासून होत आली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली आणि १६ व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. लोकांनी तिखटपणा ओळखला आणि जुन्या मरिचाचेच नाव या नवागतेला दिले. मिऱ्याचा वेल दमट हवेचा, त्याचे फळ महाग. मिरची मात्र कोणाच्याही झोपडीमागे उगवे. म्हणून ती प्रथम गरिबाची झाली. भाकर, मीठ आणि मिरची हे आमच्या आजोबांच्या पिढीचे जेवण होते. त्याचे आज ‘अस्सल गावरान चव’ म्हणून कौतुक होते. त्या ताटात भाजी का नव्हती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या जिल्ह्याचा या इतिहासात स्वतंत्र वाटा आहे. मौद्याहून दक्षिणेस कुही ओलांडले की भिवापूर येते. तेथील गडद लाल, तिखट मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या पट्ट्यातील मिरचीचे सातरे पालकांना सांगायला नकोत. दिवसभर देठ खुडणाऱ्या, वजनावर मजुरी घेणाऱ्या, रात्री हातांची आग होत असताना भाकरी थापणाऱ्या माता आपल्याच वस्त्यांतील आहेत. मानांकनाने नावाचे रक्षण होते. बियाण्याचे रक्षण शेतात आणि परसातच व्हावे लागते. अधिक उत्पन्नासाठी शेतकरी संकरित वाणांकडे वळला, यात त्याचा दोष नाही. पण संकरित मिरचीचे बी धरून पुढील वर्षी पेरले तर झाडे एकसारखी निघत नाहीत. बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. जुने बी टिकवायचे असेल तर चार-सहा झाडांची परसबागही पुरेशी आहे.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की गादीवाफ्यावर किंवा पसरट कुंडीत बी पातळ टाकावे. साधारण पाच-सहा आठवड्यांनी रोपे लावण्याजोगी होतात. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मिरचीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून उंच वरंब्यावर, शेणखत घालून, हात-दीड हात अंतराने रोपे लावावीत. पाने आकसून वळू लागली की तो चुरडा-मुरडा समजावा. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. फार आकसलेले झाड उपटून दूर टाकावे. एका झाडाचा लोभ सगळ्या वाफ्याला नडतो.

तिखटपणा बियांत असतो, हा समज चुकीचा आहे. तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. त्या द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हात झोंबल्यास आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत. तोंड पोळले तर पाण्यापेक्षा दूध बरे. पोपटाला मात्र मिरची झोंबत नाही, कारण पक्ष्यांच्या मज्जातंतूंना कॅप्सेसिन जाणवत नाही. सस्तन प्राण्यांना ते का जाणवते, याचा उलगडा १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा ठरला.

शहरांत स्थिरावलेले काही माजी विद्यार्थी लॅव्हेंडरविषयी विचारतात. ही भूमध्य सागराकाठची वनस्पती. आपल्याकडे ती जम्मूच्या भद्रवाह परिसरातील थंड डोंगरांत फुलते. आपला मे महिना आणि चिखलाचा पावसाळा तिला मानवत नाही. हौसच असेल तर निम्मी वाळू घातलेल्या कुंडीत हिवाळ्यापुरती लावावी. सुगंधासाठी मरवा अधिक भरवशाचा.

बी धरण्याच्या मिरचीजवळ दुसरा वाण नसावा, ढोबळी मिरचीसुद्धा नाही, कारण मधमाश्या परागाची सरमिसळ करतात. जागा नसेल तर एका निरोगी झाडाला फुलोऱ्याआधी मलमलीचे कापड बांधावे आणि फुलताना ते हलक्या हाताने हलवावे. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे, सावलीत वाळवावे आणि बी कोरड्या बाटलीत राखेसह ठेवावे. दोन वर्षांच्या आत ते पेरलेले बरे. ज्यांच्या घरी संकरित नसलेले, आजीच्या हातचे बी अजून असेल, त्यांनी मूठभर शाळेत आणून द्यावे. सोबतच्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि बी धरल्याचे वर्ष तेवढे लिहावे.