पत्त्यांतून एकक-दशक

सख्यांनो, बचतीच्या वहीत २०५ ऐवजी २५ लिहिलं, तर १८० रुपयांचा घोळ! लेकरांना शून्याची जागा आत्ताच कळू द्या.

जुन्या लग्नपत्रिका कापून ० ते ९ अंकांचे दोन संच करा. प्रत्येकासमोर खडूनं तीन घरं आखा: शतक, दशक, एकक. पत्ते पालथे ठेवा. पाळीपाळीनं एकेक उचलून घरात मांडायचा. मांडला की हलवायचा नाही. ० कुठं ठेवायचा, लेकराला ठरवू द्या. मोठी संख्या ज्याची, तो जिंकला.

‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतो, म्हणून लेकरू २५ लिहितं. रागावू नका. तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या अन् दोन सुट्या काड्या समोर ठेवा.

हातानं करत शिकायचा विचार १९३७ साली आपल्या वर्ध्याच्या परिषदेतच मांडला गेला. आज रात्री घरी करून पाहा!