शांत दिसणाऱ्या पाण्यापासून जपा

गुहागरच्या वाड्या संपल्या की सुरूचं बन लागतं आणि त्यापलीकडे लांबच लांब पुळण. गर्दी नाही, गोंगाट नाही. अशा किनाऱ्यांवर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच तिथे जे पाहिलं ते सांगावंसं वाटतं.

माझा भाचा चांगला पोहणारा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला गडद पट्टा मात्र सपाट होता. तिथेच तो उतरला आणि बघता बघता आत गेला. किनाऱ्याकडे जोरात हात मारत होता, तरी लांबच जात होता. आमचे यजमान धावत आले आणि ओरडले, "सरळ येऊ नको बाळा! आडवा पोह, आडवा!" भाचा किनाऱ्याला समांतर पोहत राहिला. ओढ सुटली आणि मग लाटांनीच त्याला काठाला लावलं.

यजमानांनी नंतर कारण सांगितलं. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट जागा असते, तिथून ते वेगाने आत धावतं. खोलीमुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून पाणी निवांत भासतं. ही ओढ माणसाला तळाशी खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झुंजून दमल्यामुळे. दम संपलाच तर पाठीवर तरंगावं, हात हलवून मदत मागावी.

म्हणून एकच आग्रह: पाण्यात पाय घालण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. आज ओढ कुठे आहे, सुकती कधी लागते, हे त्याला ठाऊक असतं. भरतीचा ढोबळ हिशेब आपल्यालाही जमतो. तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी उतरताना ओढ वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा अधिकच जपा. ओहोटीच्या घट्ट वाळूवर गाडीही नेऊ नका. चाक रुतलं आणि भरती आली तर गाडी हाती लागत नाही.

पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. समुद्रावर पोट असलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपणही काठावर थांबावं.

कुणी ओढीत सापडलं तर मागोमाग उडी टाकू नका. वाचवायला गेलेलेही बुडतात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून फेका, माणसं बोलवा, 112 ला फोन लावा. निवांत किनाऱ्यावर बहुधा जीवरक्षक नसतो. तिथे आपला जीव आपणच राखायचा, आणि पोरांना पाण्यात सोडण्याआधी हे सगळं त्यांना सांगायचं.