चैत्रातील घळ आणि रुईचे झुडूप

फुलपाखरे पाहावीत ती श्रावणात, असे आपण समजतो. ते खोटे नाही. पावसाळ्यात व त्यानंतर कोवळा पाला मुबलक असतो, म्हणून फुलपाखरेही तेव्हा जास्त दिसतात. परंतु अभ्यासाला फाल्गुन-चैत्राचे दिवसही सोयीचे असतात. गवत वाळलेले असते, हिरवा पाला आणि ओल थोड्याच ठिकाणी उरते, आणि फुलपाखरे नेमकी तेथेच येतात. कोठे पाहायचे हे ठाऊक असले, की शोध सोपा होतो.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानी पट्ट्यात राहणाऱ्यांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. देहूरोड व तळेगाव यांच्या दरम्यान घोराडेश्वरचा डोंगर आहे. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे. अशा डोंगरांच्या उतारावर पावसाच्या पाण्याने लहान लहान घळी कोरलेल्या असतात. घळीत सावली असते आणि ओल थोडी अधिक दिवस टिकते.

केव्हा पाहावे?

सकाळी आठ ते अकरा ही वेळ उत्तम. फुलपाखराच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे कायम राहत नाही. उडण्यापूर्वी त्याला उन्हात स्नायू तापवावे लागतात. म्हणून सकाळी ती दगडावर किंवा पानावर पंख पसरून बसलेली आढळतात आणि नीट पाहता येतात.

घळीत ओली माती दिसली, तर पाच-दहा पावले दूर थांबा. तेथे फुलपाखरे सोंडेने ओल शोषताना दिसतील. त्यांना हवे असतात ते मातीतील क्षार, विशेषतः सोडियम. पानांत व मधात सोडियम फारच कमी असते. अशा जागी जमणारी फुलपाखरे बहुतेक नर असतात. हे क्षार मीलनाच्या वेळी मादीला मिळतात आणि तिच्या अंड्यांच्या उपयोगी पडतात.

आधी झाड ओळखा

फुलपाखरू मध अनेक फुलांतला पिते; अळी मात्र ठराविक झाडांचीच पाने खाते. म्हणून मादी पानावर बसते, पुढच्या पायांनी ते चाचपते आणि पायांवरील संवेदक केसांनी त्याची चव घेते. झाड योग्य असले तरच अंडे घालते. लिंबू, बेल व कढीपत्त्यावर लिंबाचे फुलपाखरू येते. एरंडावर कॉमन कॅस्टर येते. आणि रुईवर येते प्लेन टायगर.

ही रुई नीट पाहा. हनुमान जयंतीला मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच ही. ऐन चैत्रातही ती हिरवीगार असते. प्लेन टायगर नारिंगी रंगाचे असून त्याच्या पंखांची टोके काळी व त्यांवर पांढरे पट्टे असतात. ते संथ उडते, कारण त्याला घाईचे कारण नसते. रुईच्या चिकात कडू, विषारी द्रव्ये असतात. अळीला ती बाधत नाहीत. उलट त्यांतील काही तिच्या अंगात साठतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला सहसा जात नाही.

याचा फायदा दुसरेच एक फुलपाखरू घेते. डॅनॅइड एगफ्लायची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, पण त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ओळखण्याची खूण अशी : प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला पंखाच्या वरच्या कडेशी एकच असतो. अशा नकलेचे स्पष्टीकरण हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडले.

आता एक विचार करा. कारखान्याच्या कुंपणाशी किंवा मोकळ्या प्लॉटवर वाढलेली रुई आपण ‘कचरा’ म्हणून तोडतो आणि तेथे शोभेची फुलझाडे लावतो. त्या फुलांवर फुलपाखरे मध प्यायला येतील, पण अंडी कोठे घालतील? पाहुण्यांना जेवण मिळाले, लेकरांना मात्र उपाशी ठेवले, असेच ते होते.

हे करून पाहा

१. शाळेजवळची रुईची एक-दोन झुडपे निवडा. पानांच्या खालच्या बाजूस टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट अंडे दिसते का, ते पाहा.

२. काळे, पांढरे, पिवळे पट्टे व शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी शोधा.

३. महिनाभर दर दोन दिवसांनी तारीख, वेळ, अंडी, अळ्या व कोश यांची नोंद ठेवा. उन्हाळ्यात अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. किती अळ्या मध्येच नाहीशा झाल्या, तेही लिहा.

सूचना : रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक आहे, पाने तोडू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. घळीत शिक्षकांबरोबरच जा व दगड उलथू नका. फुलपाखरे पकडू नका. नोंदवही आणि डोळे पुरेसे आहेत.